खडीच्या डंपरमधलं तांबं

कोल्हापुरात कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं उभे राहा. खडीनं भरलेला एक तरी डंपर धुरळा उडवत जाणारच. पुढच्या वेळी तो दिसला की नाकावर रुमाल धरा आणि मनातल्या मनात एक हिशेब करा.

समजा, डंपरमध्ये 10 टन खडी आहे. खडी म्हणजे आपला काळा पाषाण, शाळेच्या पुस्तकातला बेसॉल्ट. त्यात लोखंड किती असेल? जवळजवळ एक टन! आणि तांबं? किलो-दीड किलो तरी. पाणी प्यायचे तीन-चार तांबे आरामात होतील एवढं.

मग डंपरवाले काका एवढी दौलत खड्ड्यात ओतून वर रोलर का फिरवतात?

हाच प्रश्न माझ्या भाचीनं मला विचारला. ती शिरोळची, पाचवीत आहे, आणि तिला उत्तर पटेपर्यंत ती माणसाला सोडत नाही. "मामा, आहे ना लोखंड? मग काढायचं!" मी म्हटलं, काढ बाई. पण ते डबीत ठेवल्यासारखं एका जागी नाही. दगडाच्या कणाकणात, दुसऱ्या मूलद्रव्यांना चिकटून बसलंय. तांब्याचं तर विचारूच नका. 10 किलो दगड कुटलात तर जेमतेम एक-दोन ग्रॅम हाती येईल, आणि ते वेगळं करायला जे जळण लागेल त्याचा खर्च तांब्याच्या किमतीच्या कित्येक पट होईल.

म्हणजे धातू असणं वेगळं आणि धातूची खाण असणं वेगळं. धातू जवळपास सगळ्या दगडांत थोडा थोडा असतोच. खाण तिथंच होते, जिथं कुणीतरी तो थोडा थोडा धातू हजारो, लाखो वर्षं राबून एका जागी गोळा करून ठेवलेला असतो.

हा 'कुणीतरी' कोण? पाणी! कुठं जमिनीच्या पोटातलं कढत पाणी, तर कुठं आभाळातून पडणारं साधं गार पाणी. कोल्हापूरच्या वाट्याला दुसरं आलं. पण आधी पहिल्याची करामत बघू. त्यासाठी जरा लांब जावं लागेल. थेट न्यू गिनी बेटावर.

1936 साली तीन डच माणसं या बेटावरच्या बर्फाच्या डोंगरांत चढाईला गेली. हो, बर्फाच्या! विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही तिथं शिखरांवर हिमनद्या होत्या. त्या तिघांपैकी एक होता झां जॅक डोझी. तो भूवैज्ञानिक होता, पण नोकरी तेलकंपनीत, आणि इथं आला होता ते डोंगर चढायला. भूवैज्ञानिकांची एक खोड असते. सुट्टीवर गेले तरी त्यांची नजर दगडावरच. डोझीला 3500 मीटरहून जास्त उंचीवरच्या एका गवताळ कुरणात एक काळाकुट्ट सुळका दिसला. भोवतीच्या जमिनीपासून सुमारे 180 मीटर उंच, एकटाच उभा. जवळ जाऊन पाहतो तर काय, तो सगळा धातूच्या खनिजानं भरलेला! काळा रंग होता मॅग्नेटाइटचा, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचा. आणि त्यात होतं तांबं. डोझीनं त्याचं नाव ठेवलं एर्ट्सबर्ग. डच भाषेत खनिजाचा डोंगर.

पुढं काय झालं असेल? लगेच खाण सुरू? छे! तिथं ना रस्ता, ना गाव. समुद्रापासून तिथवर दलदल, घनदाट जंगल आणि उभे कडे. डोझीनं अहवाल लिहिला, तो 1939 साली छापला गेला, दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि अहवाल ग्रंथालयात पडून राहिला. वीस वर्षं! 1959 साली फोर्ब्स विल्सन नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाला त्याचा सुगावा लागला आणि पुढच्याच वर्षी तो खडतर वाट तुडवत त्या सुळक्यापाशी पोचला. 1970 नंतरच्या काही वर्षांत खाण सुरू झाली. तिथल्या 100 किलो खनिजात सरासरी अडीच किलो तांबं निघे. आपल्या डंपरमधल्या खडीशी ताडून बघा. दीडशे पटीहून जास्त!

आज एर्ट्सबर्ग तिथं नाही. सगळा खणून नेला. सुळका होता तिथं आता खड्डा आहे.

पण इतकं तांबं आणि लोखंड त्या एका सुळक्यात जमलं कसं? त्याला लागतो चुनखडीचा दगड. तो तुम्ही पाहिलेला आहे. जुन्या घरांतली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. घरात एखादा फुटका, टाकून दिलेला तुकडा असेल तर त्यावर लिंबू पिळा (आजी रोज पुसते त्या फरशीवर नको, डाग कायमचा राहतो आणि बोलणी मला बसतात). कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू येईल, इवले इवले बुडबुडे दिसतील. आम्ल आणि चुनखडी भेटले की असं होतं. चुनखडी विरघळते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि आम्लाचा जोर संपतो.

आता हेच जमिनीखाली काही किलोमीटरवर घडतंय असं समजा. खालून तप्त शिलारस वर येतो, पण पृष्ठभागावर न येता वाटेतच चुनखडीच्या थरांत घुसून थांबतो. हळूहळू थंड होऊ लागतो. त्यातून कढत पाणी सुटतं. कढत म्हणजे 400-500 अंश सेल्सियस! वरच्या दगडांचा दाब इतका की ते आपल्या चहाच्या पाण्यासारखं उकळून उडून जाऊ शकत नाही. या पाण्यात सिलिका, लोह, तांबं, गंधक असं बरंच काही विरघळलेलं असतं, आणि ते आम्लधर्मीही असतं. चुनखडीतून वाट काढताना त्याची आणि चुनखडीची तीच फसफस होते. चुनखडीतला चुना आणि पाण्यातली सिलिका यांच्यातून नवी खनिजं तयार होतात. त्यांत तपकिरी, हिरवट गार्नेटही असतात. पाण्याचा आम्लपणा उतरला की त्याला धातू पोटात ठेवता येत नाहीत. मग लोह मॅग्नेटाइट होऊन बसतं आणि तांबं, लोह, गंधक मिळून चॅल्कोपायराइट नावाचं पिवळं चकचकीत खनिज तयार होतं. अशा सगळ्या भेसळीच्या दगडाला स्कार्न म्हणतात. एर्ट्सबर्ग हा स्कार्नच. वय सुमारे 30 लाख वर्षं, म्हणजे दगडांच्या हिशेबात अगदीच शेंबडं पोर.

भाची म्हणाली, "मग आपल्याकडं का नाही झालं स्कार्न? आपल्याकडं पण लाव्हा होता की!"

होता ना. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनासोर होते तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आजही देशातली सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन त्या थरांखाली आहे. जोतिबाचा डोंगर तोच, पन्हाळा तोच, आपल्या घराच्या पायातला दगडही तोच. पण इथला लाव्हा जमिनीखाली अडून बसला नाही. सरळ वर आला, पसरला आणि उघड्या हवेत गार झाला. शिवाय त्याला भेटायला हवा होता चुनखडीचा दगड. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, आजरा-चंदगडच्या बाजूला, काळ्या पाषाणाच्या खालचे जुने दगड काही ठिकाणी उघडे पडलेत. तिथं दिसतो तो मुख्यतः वाळूचा दगड. लिंबू पिळा नाहीतर अख्खी बरणी ओता, तो ढिम्म हलत नाही.

तांबं जमवायला लागणारी जोडी कोल्हापुरात जुळलीच नाही. महाराष्ट्रात तांब्याच्या खुणा आहेत, पण त्या पार तिकडं चंद्रपूरकडं, ठाणेवासना भागात. तिथले दगड आपल्या काळ्या पाषाणाच्या कितीतरी आधीचे.

हिरमुसू नका. आता आपल्या गार पाण्याची पाळी.

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाताना खिडकीची जागा पकडा. वाघबीळपासून चढ लागला की रस्त्याच्या कडेला कापलेली दरड दिसते. सुरुवातीला काळी, टणक. वर जाल तसा तो दगड मऊ पडत जातो, त्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात. त्याच्या वर पांढरट-गुलाबी माती. आणि गडावर पोचता पोचता सगळं लाल! हा जांभा. त्याला भोकं असतात, हात लावला की बोटं विटकरी होतात, आणि पांढऱ्या शर्टाला लागला तर आई ओळखते की पोरगं कुठं गेलं होतं.

हा जांभा कुठून बाहेरून आलेला नाही. खालचा काळा पाषाणच वर जांभा झालाय!

पावसाचं पाणी पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, मातीतून मुरताना आणखी घेतं, आणि किंचित आम्लधर्मी होतं. अगदी किंचित. सोड्याच्या बाटलीतल्या पाण्याच्याही पासंगाला पुरणार नाही. पण हे पाणी सपाट माळावर लाखो वर्षं मुरत राहिलं तर? काळ्या पाषाणातला चुना आधी जातो. त्याच्यामागोमाग सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. मग हळूहळू सिलिकाही. बेसॉल्टमध्ये निम्मी तर सिलिकाच! सगळं विरघळून ओढ्याला, ओढ्यातून नदीला, नदीतून समुद्राला. मागं कोण उरतं? लोह आणि ॲल्युमिनियम. हे दोघे हट्टी. हवेतला ऑक्सिजन मिळाला की साध्या पाण्यात विरघळायचं नावच घेत नाहीत. लोह तर सरळ गंजून बसतं. जांभ्याचा लाल रंग म्हणजे लोखंडाचा गंजच.

गुऱ्हाळावर गेलात तर असंच काहीसं बघायला मिळतं. 100 किलो रस काहिलीत पडतो, चुलवाण रात्रंदिवस पेटतं आणि शेवटी गूळ निघतो 18-20 किलो. गोडवा कुणी बाहेरून आणून घातला नाही, बाकीचं गेलं म्हणून गोडवा दाट झाला. फरक एवढाच की गुऱ्हाळात पाणी निघून जातं, आणि जांभ्यात पाणीच बाकीच्यांना घेऊन जातं.

स्कार्नच्या अगदी उलटी रीत आहे ही. तिथं कढत पाण्यानं धातू आणून टाकला. इथं गार पाण्यानं धातू सोडून बाकी सगळं नेलं.

याचा पुरावा हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यात एक मोठा प्रयोग चालू आहे. पश्चिमेला गगनबावडा. तिथं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला शिरोळ, जेमतेम 500 च्या आसपास. मध्ये अंतर शंभरेक किलोमीटर. दगड दोन्हीकडं तोच, काळा पाषाण. पण पश्चिमेच्या घाटमाथ्यावर जांभा आणि तांबडी माती, तर शिरोळ भागात काळी कसदार जमीन. इथं पाऊस कमी, त्यामुळे चुना पुरता वाहून जात नाही. उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जातं आणि चुना मातीतच जमतो. भाचीच्या शेतात नांगरट झाली की हरभऱ्याएवढे पांढरट खडे वर येतात, ती ते सागरगोट्यांना वापरते. तो हाच चुना. पश्चिमेकडं हा चुना कधीच समुद्रात गेला.

आता एक कोडं. जांभा तयार व्हायला सपाट, सखल जागा लागते, म्हणजे पाणी वाहून न जाता मुरेल. मग आज तो डोंगरांच्या माथ्यावर कसा? पन्हाळा, मसाई पठार, राधानगरीकडचे सडे (म्हणजे जांभ्याची उघडी पठारं), सगळे उंचावर. उत्तर असं की हे माथे कोट्यवधी वर्षांपूर्वी सपाट जमीनच होते. जांभा उघड्यावर वाळला की कडक होतो. (कोकणातल्या चिरेखाणीत बघा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेला ठेवला की घट्ट होतो.) जांभ्याच्या या कडक झाकणाखाली होतं ते वाचलं. जिथं झाकण नव्हतं तिथं ओढ्यांनी खोल दऱ्या कोरल्या. म्हणून आपले डोंगर वरून टेबलासारखे सपाट. शिवाजी महाराजांच्या काळातल्या आणि त्याच्याही आधीच्या किल्लेदारांना आयता सपाट माथा आणि आयते कडे मिळाले. त्यात पावसाचा वाटा मोठा आहे, इतिहासाच्या पुस्तकात लिहीत नाहीत एवढंच.

या जांभ्यातलं लोखंड काढणारी माणसं आपल्याकडं खरोखर होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लोखंड गाळणाऱ्यांना धावड म्हणत. ते जांभ्यातले जड, गडद तुकडे निवडून घेत. हाताला वजन लागलं की लोखंड जास्त, इतकी साधी परीक्षा. मातीची भट्टी, लाकडी कोळसा आणि चामड्याचा भाता, एवढंच सामान. लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. तेवढी आच त्या भट्टीत होत नसे. पण त्याची गरजही नव्हती. कोळशाच्या धगीत खनिजातला ऑक्सिजन निघून जाई आणि मागं लोखंडाचा मऊ, सच्छिद्र गोळा राही. बाकीची घाण वितळून कीट होई. मग तो लालबुंद गोळा ऐरणीवर घेऊन ठोकायचा, ठोकायचा, आतलं उरलंसुरलं कीट बाहेर उडेपर्यंत ठोकायचा. ठिणग्या उडतात ना लोहाराकडं? तसल्या, पण दहापट.

1908 च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये कोल्हापूर संस्थानची नोंद आहे. तीन प्रकारचं लोहखनिज विशाळगड, पन्हाळा, भुदरगड आणि घाटाजवळच्या भागात सापडतं, पूर्वी लोखंड गाळण्याचा धंदा चांगला चालायचा, पण मजुरी आणि जळण महागलं, विलायतेहून जहाजानं येणारं लोखंड स्वस्त पडू लागलं, त्यापुढं कोल्हापूरचं लोखंड टिकलं नाही, असं त्यात म्हटलंय. मला ही नोंद वाचून गंमतही वाटते आणि वाईटही. खनिज तिथंच, डोंगर तिथंच, कसब होतं तेही इथंच. बंद पडली ती भट्टी, आणि तीही हजारो मैलांवरच्या जहाजाच्या भाड्यामुळं!

हट्टी जोडीतल्या दुसऱ्या गड्याचं, ॲल्युमिनियमचं काय झालं? काही सड्यांवर पाण्यानं बरंचसं लोहही इकडंतिकडं हलवलं (दलदलीत ऑक्सिजन कमी पडला की लोहाचा हट्ट थोडा सुटतो) आणि ॲल्युमिनियम जास्त उरलं. तो दगड म्हणजे बॉक्साइट. रंगानं पांढरट, पिवळसर नाहीतर गुलाबी, आणि पुष्कळदा त्यात वाटाण्याएवढ्या गोल गोळ्या. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या बॉक्साइट खाणी प्रसिद्ध आहेत. तिथला दगड ट्रकनं बेळगावच्या कारखान्यात जायचा. तिथं तो दळून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात दाबाखाली शिजवतात. ॲल्युमिनियमचा अंश विरघळतो, लोह मात्र लाल चिखल होऊन तळाला बसतं. पावसाला लाखो वर्षांत जी जोडी धड फोडता आली नाही, ती कारखान्यात काही तासांत फुटते! मग मिळते ॲल्युमिना नावाची पांढरी पूड. तिच्यातून धातू काढायला मात्र भरमसाट वीज लागते, एका किलोला 13-14 युनिट. पंखा कितीतरी दिवस चालेल तेवढ्यात. साधारण चार-पाच किलो बॉक्साइट गेलं की एक किलो ॲल्युमिनियम हाती येतं.

दप्तरातला ॲल्युमिनियमचा डबा उघडताना हे आठवा. आणि तो शाळेत विसरून येऊ नका.

पण सडा म्हणजे नुसता दगड समजू नका. पावसाळ्यात एकदा सड्यावर जाऊन गुडघ्यावर बसा. पातळ मातीच्या थरात निळी-जांभळी सीतेची आसवं फुललेली असतील, पांढरे गेंद डोलत असतील. आणि जरा बारकाईनं पाहिलंत तर तांबूस, चिकट थेंबांनी मढलेली एक चिमुकली वनस्पती दिसेल. तिचं नाव दवबिंदू. त्या थेंबांवर एखादं चिलट बसलं की संपलं. ती त्याला चिकटवून ठेवते आणि पचवते! सीतेची आसवं दिसायला इतकी नाजूक, पण त्यांच्या मुळाशी पाण्यात बारीक पिशव्या असतात आणि त्याही जीव पकडतात. झाडं असून किडे का खातात? कारण इथं जमिनीत खायला काही उरलंच नाही. पावसानं पोषण धुऊन नेलंय, राहिलाय गंज आणि बॉक्साइट. मग पोट भरायला शिकार करावी लागते. ज्या धुण्यानं खाण तयार झाली, त्याच धुण्यानं ही शिकारी झाडंही जगात आणली, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणूनच सड्यावरचं बॉक्साइट काढायचा विषय निघाला की मी लगेच मान डोलवत नाही. झाकण काढलं की खालचा मऊ थर उघडा पडतो. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या झऱ्यांना पुरतं. राधानगरीचं अभयारण्य शेजारी आहे, तिथं गवे आहेत, आणि 2012 पासून ते जागतिक वारसास्थळांत आहे. डबाही हवा आणि झराही हवा. कुठला सडा खणायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे ट्रक भरण्याआधी ठरलं पाहिजे, नंतर नव्हे.

घाट उतरून कोकणात गेलात तर वेंगुर्ला तालुक्यात रेडी लागतं. तिथला द्विभुज गणपती तुम्हाला माहीत असेल, 1976 साली खाणीच्या परिसरात सापडलेला. तिथं आणि पुढं गोव्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. दगड आपल्यापेक्षा फार जुना, त्यात लोहाचे आणि सिलिकाचे पट्टे एकाआड एक. पण खाणीला किंमत आली ती त्याच गार पाण्यामुळं. पावसानं सिलिकाचे पट्टे विरघळवून नेले आणि लोह मागं राहिलं. कधी कधी तर अख्खा दगड खिळखिळा होऊन निळसर भुकटीच उरते.

लोखंड म्हटलं की कोल्हापूरकराला आठवतं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. जिल्ह्यात फौंड्र्यांची रांगच आहे. तिथं संध्याकाळी ओतकाम चालू असताना लांबून बघायला मिळालं तर सोडू नका (लांबूनच, आणि मोठ्यांबरोबर). काळ्या वाळूचे साचे ओळीनं मांडलेले असतात. भट्टीतून बीड निघतं, नारिंगी, डोळ्यांना न सोसणारं. बीड म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचं लोखंड. त्यात कार्बन भरपूर मिसळलेला असतो, त्यामुळे ते 1538 अंशांची वाट न बघता 1150-1200 च्या आसपासच वितळतं. धावडाच्या हाती मऊ गोळा यायचा, फौंड्रीत पातळ रस येतो. तो साच्यात गेला की गाड्यांचे आणि इंजिनांचे भाग तयार. लोखंड मात्र आता बाहेरून येतं, कच्चं बीड नाहीतर भंगार म्हणून.

आणि तांबं? त्याची खाण आपल्याकडं नाही, पण ते आपल्याकडं आलं मात्र फार पूर्वी. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जा आणि एक छोटीशी मूर्ती शोधा. वीतभरही उंच नाही. अंगावर कपडा नाही, दाढी आहे, एक हात वर. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव! समुद्रापासून इतक्या लांब, पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो इतर कांस्य वस्तूंबरोबर सापडला. पुढं 1945-46 साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथं पद्धतशीर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनांच्या काळातलं गाव उजेडात आलं. रोमशी व्यापार जोरात होता तो काळ. मूर्ती कांस्याची आहे, म्हणजे तांबं आणि कथील. जहाजातून बंदरात, बंदरातून बैलांच्या पाठीवर घाट चढून ती इथं आली असणार. पायाखाली डंपर डंपर भरून तांबं असलेल्या गावाला तांब्याची मूर्ती समुद्रापलीकडून आणावी लागली!

आता तुम्हाला काम. एक लोहचुंबक घ्या. जुन्या, बिघडलेल्या स्पीकरमधलं असेल तर झकास. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि नदीकाठच्या, नाहीतर बांधकामाजवळ सांडलेल्या कोरड्या वाळूत फिरवा. वर उचला. पिशवीवर काळ्या दाण्यांची मिशी फुटलेली दिसेल. हे मॅग्नेटाइटचे दाणे, डोझीच्या सुळक्यात होतं तेच खनिज. आपल्याकडं ते काळ्या पाषाणातून सुटून आलंय. कागदावर पिशवी धरा, आतून चुंबक काढून घ्या, दाणे टपाटप खाली पडतील. भिंगातून बघा, काहींचे कोपरे अजून धारदार असतात. मग तेच चुंबक जांभ्याच्या कुटलेल्या भुग्यातून फिरवून बघा. लोखंड तिथं जास्त आहे, तरी बहुतेक वेळा चिकटेल कमी. का बरं? गंजलेला खिळा आणि त्याच्यावरून खरवडलेला गंज, दोन्हींना चुंबक लावून बघा आणि विचार करा.

पिशवीशिवाय चुंबक वाळूत घालू नका. माझ्या भाचीनं घातलं. दाणे निघता निघेनात, शेवटी तिनं ते आजीच्या पिठाच्या चाळणीत घासलं. पुढं काय झालं ते तिलाच विचारा.